आत दुमडलेलं कापड

अध्यापक महाविद्यालयातून सरावपाठ घ्यायला दरवर्षी आमच्या शाळेत मुलं-मुली येतात. शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरी आता संपत आली, त्यामुळे होऊ घातलेल्या शिक्षकांच्या बऱ्याच तुकड्या माझ्या टेबलासमोरून गेल्या. यंदाची एक मात्र लक्षात राहील. उंचीनं कमी आणि अजून पुरती शिक्षिका नाही, म्हणून पोरांनी तिचं नाव ‘पाऊण बाई’ पाडलं. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, "अर्धीच्या वर धरलं, हे काय कमी आहे, काका?"

सातवीतल्या एका मुलीनं तिच्या जिवाला घोर लावला होता. मुलीला आईवडील नव्हते. दोन कुटुंबांनी काही काळ सांभाळून बालगृहात परत पाठवलेली. आता तिसऱ्या घरी, कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे होती. कपडे, कंगवा, टॉवेल, सगळं दप्तरात कोंबून रोज शाळेत आणायची. खेळाच्या तासालाही दप्तर पाठीवरच.

"अगं, वर्गात ठेव की. कोण नेतंय?"

"दप्तर नाही नेणार, बाई. मलाच नेतील. मागच्या वेळी शाळेतूनच परस्पर नेलं, सामान तिथंच राहिलं."

त्यात पाऊण बाईचं लक्ष तिच्या स्कर्टकडे गेलं. खाली वीतभर कापड आत दुमडून शिवलेलं. ती तडक माझ्याकडे आली.

"काका, कुणाचा तरी मोठा, जुना स्कर्ट पोरीच्या गळ्यात मारलाय. हेही घर तिला ठेवून घेणार नाही. मी आज जाऊन बोलणारच."

तिचा आवेश बघून शाळा सुटल्यावर मीही सोबत निघालो.

खिडकीशी शिलाई मशीन, खाली चिंध्यांचा ढीग, भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा मोकळा. मुलगी कोपऱ्यात बटणं लावत बसली होती. दप्तर मांडीला टेकलेलं. पाऊण बाईनं टेकायच्या आधीच तोंड उघडलं, "हिला निदान मापाचा स्कर्ट तरी द्यायचा!"

शिवणाऱ्या बाईंनी मशीन थांबवलं.

"मापाचाच आहे, बाई. कोऱ्या कापडाचा, माझ्या हातचा. पोर भराभर वाढतेय, म्हणून आत कापड ठेवलंय. दरवर्षी थोडं उसवायचं, लांबी सोडायची. शाळा संपेपर्यंत पुरायला नको?"

पाऊण बाईचा चेहरा उतरला. "माझं चुकलं. मला वाटलं..."

"असू द्या. हिच्यासाठी भांडायला कुणी आलं तरी! बसा, चहा टाकते."

मुलीचा हात बटणावर थांबला होता. "शाळा संपेपर्यंत, मावशी?"

"मग काय! तो कप्पा मोकळा ठेवून मी थकले. तुला तो दिसत नाही, निदान अंगावरचा स्कर्ट तरी बघ."

मुलगी स्कर्टची कड उलटी करून दुमडीवरून बोट फिरवत राहिली. चहा पिऊन आम्ही उठलो, तरी तिचं तेच चाललं होतं.

पुढे दप्तर हळूहळू बारीक होत गेलं. पाऊण बाईचा शेवटचा पाठ भूमितीचा होता. मागच्या बाकावर परीक्षक बसलेले, आणि नेमकी हीच मुलगी उठून म्हणाली, "बाई, कंपासपेटी घरी राहिली."

रागवायचं सोडून पाऊण बाई हसली. परीक्षकांनी शिस्तीचे गुण कापले.

"बरं झालं, काका," निरोप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "पाऊण बाईला पुरते गुण शोभले नसते."