माय गोऱ्या साहेबाला काय म्हणाली

आमच्या परंडा तालुक्यात वाऱ्याला तोटा नाही. उन्हाळ्यात दोरीवर वाळत घातलेलं धोतर शेजारच्या शिवारात शोधायला जावं लागतं. आम्हाला कुणी विचारलं असतं तर एका चहावर सांगितलं असतं. पण परदेशातल्या एका संस्थेनं त्यासाठी माळावर खांब रोवला, त्याला गरगर फिरणाऱ्या वाट्या बसवल्या आणि नोंद ठेवायला एक माणूस नेमला. वर्षभरानं निकाल लागला की इथं वारा आहे. गावानं टाळ्या वाजवल्या. त्या वर्षात विहिरीत दोर सोडून पाणी किती आहे हे मात्र एकाही शहाण्यानं बघितलं नाही.

ऐंशीच्या पुढची ती दुष्काळी सालं. पवनचक्की आली. लोखंडी मनोरा, वर पत्र्याची पाती, आणि पाती फिरली की वरखाली होणारा दांडा थेट विहिरीत. डिझेल नको, वीज नको, फुकटच्या वाऱ्यावर पाणी! फक्त पाणी तेवढं विहिरीत असायला पाहिजे होतं. चक्की सारखी फिरायची आणि पायपातनं नुसती घरघर यायची. म्हातारी माणसं मला म्हणायची, "मास्तर, ही वारं खाती आन् वारंच वकती की!"

मास्तर म्हणजे मी. आमच्या बौद्धवस्तीतला पहिला नोकरदार, गावच्याच शाळेत. इंग्रजी बोलता येणारा गावात दुसरा कुणी नव्हता, त्यामुळं माझं इंग्रजी चांगलं समजलं जायचं.

गाव जगत होतं ते टँकरवर. एक दिवसाआड टँकर यायचा, त्याच विहिरीत पाणी ओतून जायचा आणि बायका दोर-घागरी घेऊन तुटून पडायच्या. आमच्या वस्तीच्या बायकांनी बाजूला उभं राहायचं. गावाचं भरून झालं की मग त्यांनी दोर सोडायचा. तोवर घागरीत पाण्यापेक्षा गाळच जास्त. माझी माय तो फडक्यातनं गाळून घ्यायची आणि शिव्या द्यायची. कुणाकुणाला ते विचारू नका, यादी लांब होती.

अशात कागद आला की परदेशी पाहुणे चक्की बघायला येणार. तालुक्याच्या साहेबांची झोप उडाली. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या ऑफिसात खुर्ची मिळालेली मी पहिल्यांदाच बघितली, आणि नेमका मीच तिच्यात बसलेलो. "मास्तर, दुभाषी तुम्ही. पाहुणा खूश झाला की आणखी मदत येईल, आणि पहिला हातपंप तुमच्या वस्तीत. माझा शब्द." साहेबाचा शब्द! त्या वयात मला तो खरा वाटला. मायनं कुणाच्या मागं उभं न राहता पाणी भरावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाहुण्याच्या दिवशी सकाळपासून चार गावांचे टँकर आमच्या विहिरीत रिकामे झाले. काठावर एक पोलीस उभा. पाहुणा जाईपर्यंत कुणी थेंब काढायचा नाही. रिकाम्या घागरी घेतलेल्या बायकांना शाळेच्या मागं नेऊन बसवलं. पण फोटोसाठी भरल्या घागरीची एक बाई हवी होती. साहेब म्हणाले, "मास्तरांची आई घ्या. घरचीच आहे, वेडंवाकडं बोलायची नाही." साहेबांना माझी माय माहीत नव्हती.

पाहुणा उंचनिंच, उन्हानं लालबुंद झालेला, मनानं मात्र साधा. वारा सुटला, चक्की फिरली आणि पायपातनं धो धो पाणी आलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं टोपी काढून त्या धारेत डोकंच घातलं. मग मायकडं वळून विचारलं, आता पाणी पुरतं का? मी ते तिला नीट मराठीत सांगितलं. तेवढं माझं काम चोख झालं.

माय म्हणाली, "सायबा, ह्ये पानी चार गावच्या टँकरचं हाय. सकाळधरनं पोलीस हुबा केलाय, आमाला थेंब घेऊ देईना. तुमी गेला की ही चक्की पुन्हा वारं वकल. आन् आमचा नंबर कायम शेवटी. चक्की राहू द्या, आदी टँकर वाढवा. सांग रे त्याला."

साहेब माझ्याकडं टक लावून बघत होते. मी इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणते, पाणी भरपूर आहे. आता टँकरची वाट बघावी लागत नाही. देव तुमचं भलं करो." दीक्षा घेतल्यापासून मायनं कधी देवाचं नाव काढलं नव्हतं. तेही मी तिच्या तोंडी घातलं.

पाहुण्यानं तिला वाकून हात जोडले. आपलं म्हणणं त्याला पोचलं असं वाटून मायनं त्याच्यावरनं हात ओवाळून, दृष्ट काढल्यासारखी कडाकडा बोटं मोडली.

महिन्याभरात टँकर बंद झाला. गावकरीच पाणी पुरतं म्हणतात, मग टँकर कशाला, असा वरून हुकूम. साहेब बढतीवर दुसरीकडं गेले. नवे साहेब म्हणाले, हातपंपाचं लेखी दाखवा. वस्तीच्या बायका पाण्यासाठी कोरड्या नदीच्या वाळूत झिरे उकरायला लागल्या आणि माय त्यांना सांगायची, "धीर धरा गं. म्या सायबाला समदं सांगितलंय. लांबचा देस हाय, येळ लागतोय."

मग एक दिवस पोस्टानं परदेशातनं गुळगुळीत कागदाचं पुस्तक आलं. पानभर मायचा फोटो, घागरीसकट. खाली माझं ते इंग्रजी वाक्य, देवासकट. वस्ती गोळा झाली. माय पदर सारखा करून म्हणाली, "वाच रे. म्या बोलले ते लिवलंय का?"

काय करणार? पुस्तक हातात धरून मी मोठ्यानं वाचलं. चार गावचे टँकर, काठावरचा पोलीस, शेवटचा नंबर, सगळं. मायचा शब्द न् शब्द वाचला. त्यातला एकही त्या पानावर नव्हता.

बायका मायकडं कौतुकानं बघायला लागल्या. मायनं मात्र पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "म्हंजी त्याला समदं कळलं व्हतं? छापून सुदिक काढलं? आन् तरी टँकर बंद केला? माणूस हाय का कोण हाय त्यो!" त्या दिवसापासून तिच्या शिव्यांच्या यादीत तो गोरा माणूस सगळ्यात वर गेला, आणि मरेपर्यंत तिनं त्याला माफ केलं नाही.

त्या शिव्यांतली एकही त्याची नव्हती, सगळ्या माझ्या होत्या. पण मी "व्हय माय" म्हणालो आणि पुस्तक मिटलं.