बिनकामाची नळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकाला नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता, त्याच्या पूजेच्या तयारीतच तर ते घडलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला सोपं जातंय. बसा जरा.

आधीच सांगते, माझं उत्तम चाललंय. रडगाणं ऐकायला मिळेल अशा आशेवर राहू नका. हुबळीत उणकलला तळ्याच्या अंगाला घर आहे, गुडघे अजून माझं ऐकतात, आणि दारात एक म्हातारी पिकअप उभी असते. तिच्यात नि माझ्यात फरक एवढाच, की तिचे सुटे भाग बाजारात मिळतात. माझी नात मेघा तारिहाळला कारखान्यात इंजिनियर आहे, पण तिचा सगळा जीव या गाडीत. सुट्टी मिळाली की आम्ही अळणावरच्या बाजूला जातो – मुद्दाम, जिथं रस्ता नाही तिथं. चाकं रुतली की ती आनंदानं किंचाळते, मी तिला दोन शिव्या घालते, आणि मग म्हणते, सरक, मला बसू दे स्टिअरिंगवर. सरकते बिचारी.

तिसरे आमचे वसंतभावजी. माझे धाकटे दीर. खिडकीपाशी बसतात, शेंगा सोलून आम्हाला देतात, ओढा आला की लहान मुलासारखे पुढं झुकून बघतात. पण गाडीला हात लावत नाहीत. चिखलात उतरून धक्का देतील. साधा नट आवळायचा म्हटलं, की हात पाठीमागं बांधून उभे.

का? – ते मला माहीत आहे. फक्त मलाच.

तेव्हा आमचं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. अळणावरकडच्या खेड्यांतून लग्नसराईला मागणी यायची, आणि वाटेत ओढेच ओढे. म्हणून ह्यांनी ही पिकअप घेतली, जुनीच, चारही चाकं ओढणारी. पण अंगानं बुटकी. ओढ्यात पोटापर्यंत बुडायची. तिला उंच केली ती भावजींनी. स्प्रिंगच्या कमानीत जादा पाटे घातले, मोठी चाकं चढवली, इंजिनाचा श्वास, म्हणजे हवा ओढायचं तोंड, टपापर्यंत वर नेला. कुठं शिकले नव्हते. अंगणात गाडीखाली पाठीवर पडून, बघून बघून केलं. तारिहाळला एक शेडही बघून ठेवली होती – गाड्या अशा तयार करून द्यायच्या, एवढंच त्यांचं स्वप्न. ह्यांचं म्हणणं, एक पावसाळा गाडी नीट चालू दे, मग शेडचं बघू.

आणि मी? मी त्या घरातली बी.ए. झालेली सून. विद्यानगरच्या कॉलेजात शिकलेली. हे मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असे. दूधवाल्यालासुद्धा. काय तोरा होता! आज ती बाई समोर आली तर मी तिच्या हातात केरसुणी देईन आणि म्हणेन, हे तेवढं तुला येतं, बाकीच्याला हात लावू नको.

पण तिनं लावला.

खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी घरोघरी गाड्या धुतात, झेंडू बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, कुंकू घातलेला कोहळा फोडतात. समोरच्या कमलाक्कांची जीप सकाळपासून नवरीसारखी सजत होती. मला ते कसं सहन व्हावं? पुरुष दुकानातल्या पूजेला गेलेले. मी पदर खोचला, काथ्या घेतला आणि सरळ पिकअपच्या खाली शिरले. कमलाक्का फक्त वरून धुणार – मी खालून!

तर खाली, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलमधून एक काळी रबरी नळी निघालेली. चेसीसला तारेनं बांधत बांधत वर आलेली, हौद्याच्या कडेला, बरोबर जिथं माझी झेंडूची माळ यायची तिथं. मी वरचं टोक बघितलं – उघडं. कशालाच जोडलेलं नाही. फुंकून बघितलं. काही नाही. जी नळी कुठून काही आणत नाही नि कुठं काही नेत नाही, ती कशाला हवी? बी.ए. ना मी! ओढून काढली. खालची क्लिप इतकी घट्ट होती की उलथन्याचा दांडा घालून उचकटावी लागली.

हे वाक्य पुन्हा वाचा. क्लिप घट्ट होती. माझा सगळा गुन्हा त्या वाक्यात आहे.

नळी चांगली लांब होती. परसातल्या धुण्याच्या दगडावरच्या नळाला लावून टाकली; तिकडं पुरुष फिरकत नसत. गाडी सुंदर दिसली. कमलाक्का येऊन म्हणाल्यासुद्धा, "अय्यो, काय चमकतीय गं!"

दिवाळीपर्यंत हे त्या गाडीनं ओढे ओलांडत राहिले. मग मागून घुंई घुंई असा आवाज यायला लागला, आणि एका दुपारी, भांड्यांनी भरलेली गाडी गावाबाहेर जागीच अडकली. बैल लावून रस्त्याकडेला ओढली, मग ट्रकला बांधून घरी आणली. भावजींनी अंगणात अ‍ॅक्सल उघडला. आतलं तेल काळं यायला हवं – ते आलं दुधाच्या चहासारखं. पाणी शिरलेलं. आतल्या गिअरचे दाते खाल्ले गेलेले.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. भावजी ह्यांना सांगत होते – अ‍ॅक्सल चालून तापतो, गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि तो श्वास ओढून घेतो. म्हणून नळी वर नेलेली, हवा वरूनच यावी. नळी नसली की तो पाणीच पितो. बोलता बोलता ते खाली वाकले, नळीच्या जागी बोट फिरवलं.

"दादा, नळीच नाही."

"नाही म्हणजे?"

"निसटली असणार. क्लिप ढिली राहिली असेल माझ्याकडनं."

"असेल काय, राहिलीच! आणि शेड घालायला निघालाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. कुणाला संशयच नव्हता हो! मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले –

"मला तेव्हाच वाटलं होतं, भावजींच्या कामात जरा घाई असते."

कुणी विचारलं होतं मला?

भावजींनी मान हलवली. "खरंय वैनी." एवढंच.

संध्याकाळी ती नळी मी बंबात जाळली. घरभर रबराचा घाण वास. सासूबाई विचारत होत्या कसला वास, आणि मी तोंड वर करून सांगितलं, बाजारातून जळण ओलं आलंय.

शेड दुसऱ्या कुणी घेतली. भावजी दुकानात गल्ल्यावर बसले ते दुकान बंद होईपर्यंत. आता खरं सांगायचं तर सगळंच सांगते – त्याआधी दुपारी गल्ल्यावर मी बसत असे. ते बसायला लागले आणि माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. त्या मोकळ्या दुपारीच मी गाडी चालवायला शिकले. हीच गाडी. म्हणजे माझं आजचं जे काही सुख मी मघाशी मिरवलं, ते त्यांच्या गल्ल्यावर बसण्यातून आलेलं आहे. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. खोटं ठरेल. फार गोड आहे ते.

हे गेले. भावाच्या हाताला काम जमत नाही, असं समजूनच गेले.

मग परवा मेघानं मागचा अ‍ॅक्सल पुन्हा उघडला. नवीन बेअरिंग, नवी नळी आणलेली. पान्हा पुढं करून म्हणाली, "वसंतअज्जा, ही क्लिप तुम्ही बसवा की. पहिल्यांदा तुम्हीच ही गाडी उंच केली, असं आज्जी सांगते."

ते हसले. अगदी मनापासून, काही कडू नाही त्यात. "नको बाळ. नन्न कैगुण सरी इल्ल. माझ्या हाताला यश नाही. तू बसव, मी बघतो." आणि हात पाठीमागं.

मी पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होते. तोंड उघडलं – आणि मेघाला चहा विचारला.

म्हणून लिहिलं. हे जिथं छापून येईल तो अंक आमच्याकडं सगळ्यात आधी भावजीच उघडतात, जाहिरातींसकट वाचतात. वाचू देत. मी समोरच बसलेली असेन.

भावजी, क्लिप ढिली नव्हती. मला उलथन्याच्या दांड्यानं उचकटावी लागली, इतकी घट्ट होती.