हाकलून आणलेली हरणं

शिवारातली हरणं एकेक करून मोजता येत नाहीत, हे मला प्रत्येक गावात पहिल्याच दिवशी समजावून सांगावं लागतं. मी लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि हिवाळ्यात मोजणीची कामं घेते. नकाशावर सरळ रेषा आखायच्या, उजाडताना त्यांवरून चालायचं, दिसलेल्या कळपात किती हरणं आणि तो रेषेपासून किती लांब, ते लिहायचं. त्यावरून सगळ्या शिवाराचा अंदाज निघतो. अट एकच. हरीण जिथे आहे तिथेच दिसलं पाहिजे. कुणी उठवलेलं चालत नाही.

शिरूर अनंतपाळच्या पुढच्या त्या गावाला हा अंदाज हवा होता. हरणं पकडून लांबच्या जंगलात सोडायची योजना आली होती, पण जिथे त्यांची दाटी ठरलेल्या मर्यादेच्या वर भरेल त्याच गावांसाठी. मी जिच्या घरी उतरले होते, तिचा हरभरा गायरानाला लागून होता. सलग दोन वर्षं हरणांनी तो घरात येऊ दिला नव्हता. त्या हंगामातही गेला तर रान पडीक टाकून लातूर गाठायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. भाकरी थापता थापता तिने हे सांगितलं.

"हरणाला काय, आपलं रान म्हंजे सोयऱ्याचं घर," चुलीशेजारून सासू म्हणाली.

"सोयरा तरी पुसून येतो की, आत्या. आन् जेवून जातो तरी."

संध्याकाळी पारावर मी सूचना दिल्या. सकाळी कुणी ओरडायचं नाही, डबे वाजवायचे नाहीत, फटाके लावायचे नाहीत. सगळ्यांनी "हाव, हाव" म्हणून माना हलवल्या.

सकाळी मी गायरानातल्या रेषेवर चालू लागले. धुकं विरत होतं. तेवढ्यात समोरच्या चढावरून काळवीट आले, त्यांच्यामागे माद्या, पाडसं, आणि मग येतच राहिले. इतका मोठा कळप मी त्या भागात कधी पाहिला नव्हता. मी दुर्बीण लावली. कळपाच्या मागे रंगीत काहीतरी हलत होतं. जुन्या साड्या. अर्धं गाव ओळीने, दोघांत एक साडी ताणून धरून, चिडीचूप पुढे सरकत होतं. मला पाहताच हरणं उधळली आणि ओढा ओलांडून दिसेनाशी झाली.

माझी यजमानीण घामाघूम होऊन माझ्याजवळ आली. चेहरा फुललेला.

"बगा मॅडम, एक शब्द काढलो न्हाई कुणी! समदी आणलो तुमच्यापुढं. ल्ह्या आता."

"ताई, ही मोजणीत धरता येणार नाहीत."

"कामून? खोटी हायती का?"

मागची माणसं हसली.

"हरणं खरी आहेत. पण ती इथे आपणहून आली नव्हती."

"आपणहून तर ती माझ्या हरभऱ्यात राहतेत. तिथनंच उठवून आणलो की!"

मी तिला नियम पुन्हा सांगितला. मी त्या सकाळची मोजणी रद्द केली. कळप परत येऊन स्थिरावावा म्हणून काही दिवस मुक्काम वाढवला आणि सगळ्या रेषांवरून पुन्हा चालले. कळप ओढ्यापलीकडेच राहिला. दिसल्या त्या तुरळक माद्या. अंदाज मर्यादेच्या खूप खाली आला.

निकाल लागला तेव्हा मी मुद्दाम गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ती शेतात होती. हरणं परत आली होती. हरभऱ्याचे शेंडे कात्रीने कापावेत तसे गेलेले, आणि धरलेले घाटेही खाल्लेले. उरलेली झाडं उपटून ती शेळ्यांसाठी पेंढ्या बांधत होती.

"गाव बसलं का योजनेत?"

"नाही."

"म्हंजे आमी उठवलो म्हणून?"

"बहुतेक हो. तुम्ही उठवली नसती तर ती इथेच दिसली असती."

ती पेंढी बांधत राहिली. गाठ नीट बसली नाही म्हणून तिने ती सोडली आणि पुन्हा मारली.

"आत्याला सांगू नका," ती म्हणाली. "साड्या त्यांनी दिलत्या. पेटीतल्या."

सासूला मी काही सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघाले. तोच अहवाल आज पुन्हा पुढे आला तर मी आजही त्यावर सही करीन. वाढवून लिहिलेला आकडा पुढच्या गावाचा खरा आकडाही खोटा पाडतो, हे मी वर्गात शिकवते आणि ते मला पटलेलं आहे.

यंदा त्या रानात पेरा झाला नाही. नवरा-बायको लातूरला डाळ मिलमध्ये लागलेत. सासू गावातच राहिली आहे, शेळ्या घेऊन. ती अजून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की आमच्या सुनेनं एवढी हरणं गोळा करून दावली, तरी मॅडमला काय दिसलं न्हाई.