पपईच्या सात पिशव्या

बदलापूरचं घर परसासकट मी बिल्डरला दिलं, तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. हो, नको, ठेव तिथे. सही त्यांनीच केली होती, पण मी हात धुऊन मागे लागलो म्हणून केली. माझा स्वभावच तसा, समोरच्याला दम घेऊ देत नाही.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या फ्लॅटवर राहायला येताना त्यांनी परसातल्या झाडाची एक पिकलेली पपई आणली. खाली इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख मागून आणली, बिया राखेत चोळून वरचा बुळबुळीत पापुद्रा काढला, पेपरवर सावलीत वाळवल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोकं पाडून त्यात लावल्या. सात रोपं आली. खिडकीच्या ग्रिलमध्ये ती रांगेने उभी असायची. परसातलं झाड तोवर जेसीबीखाली गेलं होतं. त्या घरातलं जिवंत असं आता एवढंच उरलं होतं.

मला वाटायचं, वय झालंय, पाणी घालायचं विसरत असतील. माती वरून कोरडी दिसायची. म्हणून सकाळी ते फिरायला गेले की मी गुपचूप तांब्याभर पाणी घालायचो. सांगायचं कशाला? सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

पंधरा दिवसांत रोपं बुडाशी मऊ पडून माना टाकायला लागली. एकेक करत सहा गेली. बाबा म्हणाले, वरच्या मजल्यावरच्या कपड्यांचं पाणी गळत असणार. झालं! मी तावातावाने वर भांडायला गेलो. वरच्या बाईंनी शांतपणे दाखवलं, त्यांची दोरी पलीकडच्या बाजूला होती. जिना उतरताना माझी ट्यूब पेटली. अशी लाज वाटली म्हणून सांगू!

खाली येऊन बाबांना सांगून टाकलं की रोज सकाळी मीही पाणी घालत होतो. शिव्या खायची तयारी ठेवली होती. मुळाशी पाणी साचलं की पपई कुजते, हे लहानपणी त्यांनीच मला हजारदा सांगितलेलं. त्यांनी उरलेल्या रोपाची पिशवी उचलून बुडाशी माती चाचपली.

मग म्हणाले, "मला वाटलं, तू तिकडे बघतही नाहीस."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

फूल येईपर्यंत पपई नर की मादी ते कळत नाही, म्हणून जाणती माणसं एका खड्ड्यात तीन रोपं लावतात. आमच्याकडे एकच. मी विचारलं, नर निघालं तर फळ धरणार नाही, मग?

"निघू दे. आपल्या परसातलं आहे ना."

सोसायटीच्या भिंतीलगत आम्ही ते लावलं. आता रोज सकाळी मी विचारतो, पाणी घालू का बाबा? ते मातीत बोट खुपसून बघतात आणि सांगतात. बहुतेक दिवशी नकोच म्हणतात. मी तरी विचारतो.