नाल्यावरचा आंधळा डोळा

सावली गावच्या बाजारात नूर मोहम्मदचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, वर टेकवलेला पत्रा आणि खाली पंप, पंखे, वाळ्याच्या ताट्यांचा पसारा. माणूस मात्र हाताचा पक्का आणि स्वभावाने मऊ. इतका मऊ, की कोणाच्या तोंडावर कडू बोलायची वेळ आली की तो घसा खाकरून गप्प बसे. बायको अख्तरी वैतागून म्हणायची, "तुमची जबान घरातच चालते." लोक अशा माणसाला भला म्हणतात. भलेपणा आणि भित्रेपणा यांत फरक असतो, तो कोणी बघत नाही.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका कंपनीने सावलीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात वाघ आला की वाजणारा भोंगा बसवला. तिथला नाला जंगलातून येतो आणि वाघही त्याच वाटेने येतो. म्हणून नाल्याच्या काठावर खांब रोवला, खांबाला सेन्सर लावला आणि वर भोंगा चढवला. कंपनीचा इंजिनिअर कुलदीप नागपूरला राहायचा. देखभालीला जवळचा कोणी हवा, म्हणून त्याने नूर मोहम्मदला धरलं.

कुलदीपने त्याला सगळं नीट समजावलं. सेन्सर म्हणजे डोळा, पण हा डोळा स्वतः किरणबिरण काही सोडत नाही, नुसता बघतो. तेही उजेड नाही, ऊब बघतो. त्याच्यापुढच्या पांढऱ्या प्लास्टिकवर खाचा असतात. त्या खाचांमुळे समोरच्या जागेचे पट्टे पडतात, धानाच्या बांध्यांसारखे, म्हणजे शेतातल्या वाफ्यांसारखे. मागच्या जमिनीपेक्षा वेगळ्या उबेचं काहीही एका बांधीतून दुसरीत सरकलं की भोंगा बोंबलतो. ते वाघ आहे की बकरी, हे त्याला कळत नाही. कोणी शेकोटीचे निखारे घमेल्यात घेऊन समोरून गेला तरी तो बोंबलणार, आणि वाघ एका जागी मुकाट बसून राहिला तर हा गप्प.

त्या हिवाळ्यात भोंग्याने नाव कमावलं. थंडगार जमिनीवर गरम अंग त्याला लांबूनही दिसे. एकदा पहाटे खरोखरच वाघ आला, भोंगा वाजला, आणि सकाळी वाळूत पंजे उमटलेले सापडले. गावाचा विश्वास बसला.

नाल्याला सगळ्यात जवळचं घर भागीरथाबाईचं. नवरा वारलेला, मुलगा प्रवीण बल्लारपूरला कामाला. नूर मोहम्मद खांब बघायला आला की ती त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. "नूरभाऊ, भूक लागली नसन तरी बसा. एकटीनं जेवाले मले गोड नाई लागत," असं म्हणून ती पानात आणखी भात वाढायची.

मग उन्हाळा लागला. एप्रिलच्या शेवटी सरकारी साहेब लोक भोंग्याच्या पाहणीला येणार होते, आणि तेही भरदुपारी, कारण त्यांना त्याआधी दुसरीकडे उद्घाटन होतं. ते यायच्या थोडं आधी कुलदीप स्वतः सेन्सरसमोरून चालला. भोंगा गप्प. पुन्हा चालला. तरी गप्प.

"खराब झाला का?" नूर मोहम्मदने विचारलं.

"खराब नाही रे. जमीन आपल्या अंगाएवढी तापली आहे. त्याला फरकच दिसत नाही, तर तो वाजणार कसा? यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलंय तसं."

"मंग दुपारी वाघ आला तं?"

"वाघ कशाला येतो उन्हात? आजचा दिवस निभवून ने फक्त. गरम चालत नाही, तर थंड दाखव. फरक म्हणजे फरक."

नूर मोहम्मदच्या गाडीवर गिऱ्हाइकाच्या कूलरच्या ताट्या होत्याच. त्याने एक नाल्यात बुडवली आणि खांबाशेजारच्या पळसाच्या झुडपाआड जाऊन बसला. साहेब आले. कौतुकाने एकाने भागीरथाबाईला म्हटलं, "बाई, तुम्ही वाघ व्हा." पदर खोचून, हसत हसत ती सेन्सरपुढून चालली. झुडपातून नूर मोहम्मदने ओली ताटी सेन्सरपुढे हळूच आडवी फिरवली. भोंगा असा वाजला की साहेबांनी टाळ्या पिटल्या, फोटो काढले आणि सावली शोधत गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी जेवताना भागीरथाबाईचा आनंद पोटात मावत नव्हता. "पायलं का जी नूरभाऊ? माह्यासारख्या वाळक्या म्हातारीले ओळखते तो. वाघाले काऊन नाई ओळखन?"

बाई, तो तुम्हाले नाई वाजला, एवढंच नूर मोहम्मदला म्हणायचं होतं. पण ती इतकी खूश होती. "हौ बाई," तो म्हणाला आणि पाणी प्याला.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू झाला. तोवर बाया सकाळी पानं तोडून आणत आणि घरी पडवीत बसून त्यांचे पुडे बांधत. त्या वर्षी भागीरथाबाईने सगळ्यांना नाल्यावरच्या जांभळीखाली बसवलं. घरात पत्रा तापतो, इथे गारवा आहे, आणि भोंगा राखणीला आहे. नूर मोहम्मदने त्यांना तिथे बसलेलं बघितलं. त्याने कुलदीपला फोन केला. कुलदीप म्हणाला, "बघतो." एवढ्यावर नूर मोहम्मदने आपलं काम झालं असं मानलं. मोठ्या माणसाच्या कानावर घातलं की आपण मोकळे, ही त्याची जन्माची समजूत.

त्याच आठवड्यात, ऊन माथ्यावर असताना, बाकीच्या बाया पाणी प्यायला उठल्या आणि भागीरथाबाई मागे एकटी राहिली. वाघ नाल्यानेच आला, खांबासमोरून आला. भोंगा वाजला नाही, आणि बाया परतेपर्यंत वाघाने तिला मारलं होतं.

चौकशीला सरकारी माणसं आली. त्यांनी खांबावरचं तपासणीचं बटण दाबलं. बटणाला ऊन-थंडीशी काय देणंघेणं! भोंगा खणखणीत वाजला. यंत्र ठीक आहे, बाईच निष्काळजी, असं ठरायला लागलं. तेव्हा मात्र नूर मोहम्मदला राहवलं नाही. चारचौघांत त्याने ताटीची गोष्ट सांगितली. कुलदीपने कानावर हात ठेवले. चौकशीवाले म्हणाले, म्हणजे यंत्राशी छेडछाड तूच केलीस. बाजारात तर लोक त्याहून वाईट बोलले, त्याच्या जातीधर्मावर गेले. तेही त्याने गिळलं. आपल्यावर अन्याय झाला, एवढं तरी त्याला स्वतःशी म्हणता येत होतं.

मग एक दिवस भागीरथाबाईचा मुलगा प्रवीण दुकानात आला. डोकं भादरलेलं. स्टूल ओढून समोर बसला.

"चाचा, दुपारी भोंग्याले दिसत नाई, हे तुमाले ठावूक होतं?"

"हौ, बेटा."

"कुलदीपले सांगतलं होतं?"

"फोन केला होता मी. बघतो म्हणला तो."

"आन चौकशीवाल्या साहेबायले?"

"सांगतलं ना. सगळ्यायसमोर सांगतलं. मलेच चोर ठरवलं त्यायनं."

प्रवीणने मान हलवली. त्याचा आवाज चढला नाही.

"माह्या आईले काऊन नाई सांगतलं? तिच्याकडे जेवत होते तुमी."

नूर मोहम्मदने हातातला पंप खाली ठेवला.

"ती घरीच बसून पुडे बांधत राह्यली असती," प्रवीण म्हणाला आणि उठून गेला.