कुसुमताईंचे देव

बर्लिनच्या एका संग्रहालयात, प्राचीन इजिप्तच्या दालनात, कुसुम आपटे खुर्ची टाकून बसायची. हुद्दा आउफ्झिष्ट. म्हणजे कोणी काचेला हात लावला की हळूच टोकायचं आणि स्वच्छतागृह कुठे ते दाखवायचं. मूर्तींबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ते काम गाईडचं. तो नियम मोडला म्हणून मागे एका बाईची नोकरी गेली होती. तोंड मिटून बसणं कुसुमला किती जड जायचं ते भास्करला, तिच्या नवऱ्याला विचारा. दिवसभराचं साचलेलं ती संध्याकाळी त्याच्या डोक्यावर ओतायची.

पण कान मिटायला कोणी सांगितलं नव्हतं. सात वर्षं गाईडांचं ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. दर ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या दिवशी, ती मराठी मंडळाच्या लोकांना घेऊन यायची. उन्हाळ्यापुरते भारतातून आलेले आईवडील, सासूसासरे तिच्यामागे रांगेने चालायचे. खरं तर अनमेल्डुंग, म्हणजे आधी रीतसर नोंदणी, केल्याशिवाय दालनात गट फिरवायला बंदी होती. पण खुर्चीवरचे सहकारी तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.

"ही सेखमेट, सिंहिणीच्या तोंडाची. माणसं मारत सुटली. मग रा देवाने काय करावं? बिअरला लाल रंग दिला. बाई रक्त समजून प्यायली आणि आडवी झाली!" आज्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "आणि रोज सकाळी पुजारी देवाला उठवणार, न्हाऊ घालणार, वस्त्रं नेसवणार, पुढ्यात ताट ठेवणार. देवाचं झालं की तेच ताट पुजाऱ्यांनी वाटून खायचं. झाला की नाही प्रसाद?" इथे हमखास कोणीतरी हात जोडायचं. मंडळात कोणाचं नाटक नावाजलेलं, कोणाच्या पुरणपोळ्या. कुसुमकडे देव होते. लोकही 'कुसुमताईंचे देव' असंच म्हणायचे.

२००७ च्या वसंतात ईप्सिता आली. सव्वीस वर्षांची, पुण्याची, विद्यापीठात इजिप्तच्या देवांवर डॉक्टरेट करणारी. ती चित्रलिपी वर्तमानपत्रासारखी वाचायची. पाडव्याच्या कार्यक्रमात तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, मला तुमच्याकडून ऐकायचंय हं सगळं." कुसुमला ते बोचलं. काय ऐकणार होती ही? आपण कुठे चुकतो ते? घरी येऊन ती भास्करला म्हणाली, "फार गोड बोलते. मला नाही आवडली."

जुलैअखेर मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. "कुसुमताई, यंदा तुम्हाला आराम. ईप्सिता दाखवणार आहे."

"छानच की," कुसुम म्हणाली आणि फोन ठेवून तिने त्या फेरीच्या रविवारची आपली सुट्टी एका सहकारी बाईला देऊन टाकली. ईप्सिता चुकते कशी, हे तिला खुर्चीत बसून बघायचं होतं.

ईप्सिता चुकली नाही. चौदा माणसं घेऊन ती आली आणि साध्या, रसाळ मराठीत बोलू लागली. पुजारी आले, स्नान आलं, ताट आलं. "म्हणजे आपला प्रसादच की," ईप्सिता म्हणाली आणि एका आजींनी हात जोडले. कुसुमचा जीव जळला. हे वाक्य तिचं होतं! कुठल्या तरी आजीकडून ऐकून पोरीने उचललं होतं. ती तडक उठली आणि ईप्सितासमोर उभी राहिली.

"अनमेल्डुंग आहे का?" तिने खणखणीत जर्मनमध्ये विचारलं. मराठीत विचारलं असतं तर मावशी होऊन विचारावं लागलं असतं.

"मावशी, अहो... मला वाटलं तुमच्यासारखंच चालतं."

"नोंदणी नाही तर गट फिरवायचा नाही." तेही जर्मनमध्येच.

आवाज ऐकून पर्यवेक्षक फ्राऊ क्रूगर आल्या. ज्या आजींनी हात जोडले होते, त्यांची नात शमिका पुढेच उभी होती. नऊ वर्षांची, तिथेच वाढलेली. मराठी तिला समजायची, पण बोलायची जर्मन. आपल्या माणसांपासून लपायला कुसुमने निवडलेली भाषाच त्या पोरीची भाषा होती. तिने फ्राऊ क्रूगरना सरळ सांगून टाकलं, "पण मागच्या वर्षी ह्यांनीच आम्हाला सगळं सांगितलं. तेव्हाही नोंदणी नव्हती."

कुसुमला नोकरी गेलेली ती बाई आठवली.

"नाही, नाही," ईप्सिता चटकन म्हणाली. "त्या नुसत्या ओळखीच्या म्हणून सोबत होत्या. माहिती कोणी दिली नाही." मागच्या वर्षी ही मुलगी बर्लिनमध्ये नव्हतीसुद्धा.

"खरं आहे का, फ्राऊ आपटे?"

ते सगळे ज्या पपायरससमोर उभे होते, त्यावर तराजू रंगवला होता. एका पारड्यात मेलेल्या माणसाचं काळीज, दुसऱ्यात सत्याच्या देवीचं, मातचं, पीस. काळीज जड निघालं तर गिळायला मगरीच्या तोंडाचा प्राणी टपून बसलेला. हे चित्र कुसुमने दर उन्हाळ्यात रंगवून सांगितलं होतं.

"हो," ती जर्मनमध्येच म्हणाली. "मी फक्त सोबत चालले. मला यातलं काही माहीत नाही."

म्हाताऱ्या माणसांकडे बघून फ्राऊ क्रूगर विरघळल्या. आजच्यापुरतं चालू द्या, पुढच्या वेळी नोंदणी करा, म्हणाल्या आणि गेल्या. आजींनी नातीला विचारलं, "काय गं म्हणाल्या कुसुमताई?"

शमिकाने तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, "ती म्हणते, तिला देव माहीत नाही. ती फक्त चालली."

आजींनी कुसुमकडे एकदा नीट पाहिलं. मग त्या सरकून ईप्सिताजवळ जाऊन उभ्या राहिल्या. ईप्सिताने काही झालंच नाही अशा आवाजात पुढे सांगायला घेतलं: त्या लोकांना सर्वांत जास्त भीती आपल्याच काळजाची वाटायची, ऐन वेळी ते आपल्याविरुद्ध साक्ष देईल म्हणून. त्याला गप्प बसवायला ते मेलेल्याच्या छातीवर दगडी भुंगा ठेवायचे.

कुसुम खुर्चीत बसून ऐकत होती. पोरगी विद्वान होती, आता आपल्यापेक्षा मनानेही मोठी निघाली. तिला ही मुलगी इतकी नकोशी याआधी कधीच झाली नव्हती.