अडीचचा फोन दीडला

उल्का सहस्रबुद्धे यांचं इंग्रजी म्हणजे हडपसरच्या त्या संशोधन केंद्राचा मान होता. परदेशी पत्र आलं की साहेबही म्हणत, "उल्काताईंना दाखवा." वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

२००१ साली फिनलंडच्या शास्त्रज्ञांबरोबर मातीतला ओलावा मोजण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी वाशीमची रुपाली इंगोले केंद्रात रुजू झाली. तिचं इंग्रजी अडखळतं. दर सोमवारी अडीचला फोनवर बैठक व्हायची. फिनलंडची मारिया बोलता बोलता गप्प झाली की उल्काताई लगेच बोलून ती पोकळी भरून काढायच्या. रुपालीने मात्र मारियाला सरळ विचारलं, "तुम्ही गप्प होता, रागावता का?" उत्तर आलं, "नाही, आम्ही विचार करतो."

रुपालीने हे सांगितल्यावर उल्काताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. वीस वर्षं परदेशी पत्रं वाचून आम्ही अंधारातच होतो."

पुढे मारियाची पत्रं रुपालीच्या नावाने येऊ लागली. साहेब बैठकीत आधी तिच्याकडे बघू लागले. उल्काताईंना घास गोड लागेना. कोथरूडला घरी परतताना बसमध्ये त्या रुपालीची वाक्यं मनात दुरुस्त करत बसायच्या.

मार्चअखेर मारियाचा निरोप आला. त्यांच्याकडे घड्याळं तासभर पुढे जाणार, म्हणजे अडीचचा फोन आता दीडला. निरोप फोनवर आला आणि तो उल्काताईंनीच घेतला. त्यांनी तो कोणालाच सांगितला नाही.

सोमवारी साहेब दौऱ्यावर होते; दीडला त्या एकट्याच फोनपाशी बसल्या. त्यांनी विचारलं, "ओलावा मोजायची यंत्रं मेमध्ये पाठवाल ना?"

पलीकडे शांतता. उल्काताईंनी मनात पाचपर्यंत मोजलं आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे हो. आभारी आहोत." त्यांनी लगेच फोन ठेवला आणि इतिवृत्तातही 'मान्य' असं लिहिलं.

त्या भरवशावर शेतकऱ्यांना पावसाआधी शेतात यंत्रं बसवून देण्याचा शब्द दिला गेला. मे संपला, यंत्रं आली नाहीत. मारियाने कळवलं, "आम्ही हो म्हटलंच नव्हतं. नकार कसा द्यावा, याचा विचार करत होतो."

साहेबांनी रुपालीला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी कुठे होतात?"

"अडीचला आले होते, सर. फोन होऊन गेला होता. वेळ ऐनवेळी बदलली, असं मॅडम म्हणाल्या."

तेव्हा मात्र उल्काताईंना राहवेना. "वेळ बदलल्याचं मला आधीच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं नाही."

रुपालीचा चेहरा उतरला. "मले का नाही सांगितलं, मॅडम?" एरवी जपून बोलणाऱ्या तिच्या तोंडून गावची बोली निसटली.

"तुम्ही नको होतात मला तिथे."

रुपालीने माफ केलं नाही, ती भांडलीही नाही. तिने मारियाशी बोलून यंत्रं पुढच्या हंगामावर नेली आणि ती शेतकऱ्यांकडे स्वतः जाऊन आली. फोनवर आता ती बोलायची, उल्काताई टिपणं घ्यायच्या. पलीकडे शांतता पसरली की त्या ओठ घट्ट मिटून घेत. शेवटी मारिया बोलायचीच, आणि ते ऐकताना उल्काताईंचा दर वेळी जळफळाट व्हायचा.